मुलांनी पेरलेलं बी उगवत का नाही? वरून अंदाज नको, उकरून पाहा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर बी पेरायचा उपक्रम केला की एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. वीस पेले भरले, प्रत्येकावर नाव लिहिलं, खिडकीत ओळीने मांडले. आठवड्याने पाहावं तर चार-पाच पेल्यांत हिरवं डोकावतंय, दोन रोपांनी माना टाकल्यात आणि बाकीच्यांत नुसती काळी माती. पुढच्या खेपेला आपण बियांचं पाकीट बदलतो, माती बदलतो, खिडकी बदलतो. चित्र मात्र तेच राहतं.

मी बरीच वर्षं या वयाच्या मुलांबरोबर माती, बिया आणि पानांचं काम करते. सुरुवातीला मीही असंच एकेक बदलत बसायचे. मग एके दिवशी एका मुलाने कुणालाही न विचारता आपला पेला फरशीवर उपडा केला. मातीत वाटाण्याचा दाणा होता. बोटांत धरताच त्याचा लगदा झाला, कुबट वास आला. पाणी जास्त झालं होतं, हे तिथल्या तिथे कळलं. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. बी उगवलं नाही तर एक पेला उकरायचा, मुलांसमोर आणि मुलांच्याच हातांनी.

या उपक्रमात मोठ्यांच्या तोंडी सर्वांत जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे "उकरू नकोस!" मूल ऐकत नाही, कारण त्याला खरोखरच पाहायचं असतं की आत काय चाललंय. ही ओढ दाबण्यात अर्थ नाही, तिला जागा करून द्यावी. मी प्रत्येक पेरणीत चार-पाच पेले जादा पेरते. त्यांच्यावर कुणाचंच नाव नसतं. ते 'उकरायचे पेले'. एक दिवसाआड त्यातला एक जुन्या वर्तमानपत्रावर उपडा करायचा आणि सगळ्यांनी भोवती बसून पाहायचं. पाहायची हक्काची सोय झाली की नावाच्या पेल्यांमधली बोटं आपोआप बाहेर येतात.

उकरून पाहणं ही शास्त्रातलीही जुनी रीत आहे. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तणांच्या बिया ओलसर वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून काढायची आणि आतलं बी अजून रुजतं का ते पाहायचं, हा त्यांचा प्रयोग. तो आजही चालू आहे. सोळावी बाटली २०२१ साली पहाटेच्या अंधारात काढली, उजेड लागून उरलेल्या बिया जाग्या होऊ नयेत म्हणून. तिच्यातल्याही काही बिया रुजल्या. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि मग त्यांच्या उकरण्याला एक शिस्त येते. हळू काढायचं, बी हरवायचं नाही, पाहून झालं की सांगायचं.

उकरल्यावर काय सापडलं?

बी लिबलिबीत झालंय, दाबलं की फुटतंय, वास येतोय. दहापैकी सहा-सात वेळा माझ्यासमोर हेच येतं. बी जिवंत असतं आणि रुजताना श्वास घेतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की हवेला जागा उरत नाही, बी गुदमरतं आणि मग कुजतं. मुलं पाणी जास्त घालतात कारण पाणी घालणं हीच त्यांची माया दाखवायची रीत असते. त्यांना आवरण्यापेक्षा हातातलं भांडं बदला. झारी किंवा पेला देऊ नका, फवाऱ्याची बाटली द्या आणि मोजायला लावा, "रोज पाच फवारे." चार वर्षांचं मूल पाच मोजतं, आणि मोजण्यातच त्याला पाणी घातल्याचं समाधान मिळतं. त्याउपरही पाणी ओतायची हौस उरतेच. त्यासाठी बाहेरचं एखादं मोठं झाड ठरवून द्या. तिथे बादल्या रिकाम्या केल्या तरी बिघडत नाही.

त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. पेल्याच्या तळाला भोकं आहेत का? कागदी पेले, दह्याचे डबे, अंड्यांची टरफलं, या सगळ्यांत हीच चूक राहते. भोक नसलेल्या पेल्यात वरची माती कोरडी दिसते आणि खाली तळं साचलेलं असतं. मुलं यायच्या आधी मोठ्यांनी दाभणाने तीन-चार भोकं पाडून ठेवावीत. अंड्याच्या टरफलालाही खालून एक भोक हवंच.

माती किती ओली असावी हे सांगायला आपल्याकडे नेमका शब्द आहे, वाफसा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा, आणि दाबताना पाणी गळू नये. ही परीक्षा मुलांनी पेरणीच्या आधीच, स्वतःच्या मुठीत करायची. गोळा झाला, टोचला, फुटला, म्हणजे माती तयार. पेला भरण्यापूर्वी माती अशी वाफशावर आणली की पहिल्या दिवशी पाणी घालायची गरजच पडत नाही. माझ्या मते पेरून झाल्यावर सगळ्यांनी एकदम पाणी घालायचं हा या उपक्रमाचा सर्वांत नुकसान करणारा भाग आहे. बी खोल जातं, वाहून कडेला जातं, माती चेपते.

बी जसंच्या तसं, कडक. म्हणजे त्याला पाणी पोचलंच नाही. सुट्टीच्या दोन दिवसांत पेले वाळून गेले असतील, नाहीतर नुसत्या कोरड्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, पेरणी झाली असेल. कोरडं कोकोपीट वरून ओतलेलं पाणी पटकन शोषत नाही, ते आधी भिजवून मोकळं करून घ्यावं लागतं. सुट्टीसाठी सोपा उपाय म्हणजे पेल्यांवर पातळ प्लास्टिक सैल झाकायचं आणि ऊन थेट पडणार नाही अशा जागी ठेवायचं. पहिला कोंब दिसला की झाकण काढायचं, विसरायचं नाही. दुसरा उपाय, सुती दोऱ्याचं एक टोक पाण्याच्या बाटलीत आणि दुसरं पेल्यातल्या मातीत खोचायचं. बाटली पेल्याच्याच पातळीवर ठेवा. उंचावर ठेवली तर पाणी नको इतकं येईल.

माती ओली असूनही बी कडकच राहिलं असेल तर थंडी, बियांचं वय किंवा जाड टरफल यांपैकी एक कारण असतं. नेहमीच्या बहुतेक बियांना २० ते २५ अंश सेल्सिअसची ऊब पुरते. खिडकीचा थंड कठडा किंवा वातानुकूलन यंत्राची झोत येणारी जागा टाळा. वाटाणा, घेवडा, मूग यांसारख्या मोठ्या दाण्यांना पेरण्याआधी आठ ते बारा तास भिजवा. दिवसभराहून जास्त नको, भांड्यातल्या पाण्यातही बी गुदमरतं. तुळस, सब्जा, अळीव यांच्या बारीक बिया मात्र भिजवू नका. त्यांच्याभोवती चिकट गर धरतो आणि त्या मुलांच्या बोटांना चिकटून बसतात.

बी जुनं आहे का हे पेरण्याआधीच कळू शकतं. ओल्या कागदाच्या घडीत दहा दाणे ठेवा, घडी डब्यात ठेवून उबेला ठेवा आणि त्या जातीला लागतात तितके दिवस गेल्यावर मोड मोजा. दहांतले आठ उगवले तर निर्धास्त पेरा, चार उगवले तर पेल्यात एकाऐवजी तीन टाका, एखादाच उगवला तर पाकीट चिकटकामाला ठेवा. पाण्यात बी टाकून 'तरंगलं ते पोकळ' म्हणायची चाळणी मी वापरत नाही. पुष्कळ चांगल्या बियाही तरंगतात, आणि मुलांना आपण चुकीचा नियम शिकवून बसतो.

बी फुगलंय, पांढरं मूळ बाहेर आलंय. मग काहीच बिघडलेलं नाही, थांबा. इथे चूक आपल्या वेळापत्रकाची असते. मूग दोन ते चार दिवसांत मातीवर येतो, मुळा आणि मोहरी तीन ते पाच, झेंडू साधारण आठवड्याच्या आत, घेवडा आणि सूर्यफूल सात ते दहा, कोथिंबीर दहा ते चौदा, आणि गाजर दोन-तीन आठवडे. चार वर्षांच्या मुलाला गाजर पेरायला देणं म्हणजे त्याच्यासाठी काहीच न घडण्यासारखं आहे. पहिल्या पेरणीला मूग किंवा मुळा घ्या आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी पेरा. शुक्रवारी पेरलेला मूग मुलं घरी असताना उगवतो, आणि सोमवारी त्यांना थेट रोप दिसतं. मातीला तडा जाऊन वाकलेली मान वर येते तो क्षण त्यांचा हुकतो. मला तो क्षण रोपापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, म्हणून मी पेरणीचा वार कधीच बदलत नाही.

कोंब निघालाय पण मातीखालीच वेडावाकडा अडकलाय. बी फार खोल गेलं किंवा वर पापडी धरली. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोली पुरते, म्हणजे घेवड्याला बोटाचं एक पेर, मुळ्याला नखाएवढी. मुलांना सेंटिमीटर कळत नाहीत, पेर कळतं. पण चार वर्षांचं मूल जोर लावून अख्खं बोट खुपसतं, हेही लक्षात ठेवा. त्यासाठी पेन्सिलीला रंगीत चिकटपट्टीची खूण करून द्या. पट्टी मातीला टेकली की थांबायचं. बागेतली चिकणमाती एकटी वापरली तर ती चेपून पापडी धरते. तीत कोकोपीट आणि जुनं, पूर्ण कुजलेलं खत सम प्रमाणात मिसळा. ताजं खत नको, कोवळ्या मुळांना ते सोसत नाही.

काही बारीक बियांना झाकणच नको असतं. लेट्यूसच्या बियांवरच्या प्रयोगांतून अमेरिकेच्या कृषी विभागातल्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली दाखवून दिलं की लाल उजेड मिळाला तर बी रुजतं, आणि लगेच त्यापुढचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद लाल उजेड दिला तर रुजायचं थांबतं. असं बी मातीवर पसरायचं, तळहाताने हलकेच दाबायचं, बस्स.

पेल्यात काहीच नाही. मुंग्यांनी नेलं, उंदराने खाल्लं, नाहीतर बी पेल्यात पडलंच नव्हतं. हे शेवटचं कारण वाटतं त्याहून कितीतरी जास्त वेळा खरं असतं. बी खिशात जातं, मुठीत राहतं, शेजारच्या पेल्यात पडतं. पेरताना मी प्रत्येक मुलाच्या तळहातावर तीन दाणे ठेवते आणि शेवटी तळहात उघडून दाखवायला सांगते. "ताई, रिकामा!" असं ऐकल्यावरच पुढे जायचं.

"मी उलटं लावलं का?" ही शंका पाच वर्षांच्या पुढची मुलं नक्की काढतात. उत्तर आहे, कसंही लाव. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते खालच्या बाजूला बसतात आणि त्यावरून मुळाला खाली कुठे ते कळतं. विश्वास बसत नसेल तर काचेच्या बरणीत एक दाणा आडवा, एक उभा आणि एक उलटा लावा. तिघांचीही मुळं वळसा घेऊन खाली जातील.

बरणीतलं बी

काच आणि कागद यांच्या मधलं बी हा मुलांसाठी सर्वांत चांगला प्रयोग, आणि सर्वांत जास्त नासणाराही. बरणी अर्धी पाण्याने भरली जाते आणि दाणे त्यात बुडतात. जाड टीपकागदाची गुंडाळी बरणीला आतून घट्ट बसवा, दाणे काच आणि कागद यांच्या मध्ये, मध्यावर खोचा, आणि तळाला फक्त बोटभर पाणी ठेवा. पाणी दाण्यांना टेकता कामा नये, कागद ते वर ओढून घेतो. पाणी गढूळ दिसलं की बदला. कापूस मी वापरत नाही. त्यात मुळं अशी गुंततात की रोप काढताना तुटतातच.

दोन-तीन आठवड्यांनी बरणीतलं रोप पिवळं पडतं आणि मुलं विचारतात, "आजारी आहे का?" आजारी नाही, त्याची शिदोरी संपली. दाण्याच्या दोन जाड दळांत साठवलेल्या अन्नावर ते इतके दिवस वाढलं. दळांच्या वर पहिली खरी पानं उघडली की लगेच मातीत लावा. मुलांना दळं दाखवा. ती दिवसेंदिवस सुरकुतत जातात आणि रोप वाढत जातं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडतं. घेवड्याची दळं मातीच्या वर येतात, वाटाण्याची मातीखालीच राहतात. दोन्ही शेजारी लावली की तुलना मुलंच करतात.

उगवलं, पण पडलं

काल ताठ उभं असलेलं रोप आज आडवं, आणि मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक, पाणथळ. याला रोपं कोलमडणं म्हणतात. मातीतल्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांमुळे होतं. पिथियम आणि रायझोक्टोनिया ही त्यातली नेहमीची नावं. पडलेलं रोप वाचत नाही, ते काढून टाका. बाकीची वाचवायची असतील तर पाणी कमी करा, झाकण काढा, हवा खेळू द्या. दाट पेरणी हे मोठं कारण आहे. मोहरीसारखी बारीक बी मुलं चिमटीने टाकत नाहीत, मुठीने टाकतात. मी बारीक बी चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून देते. मग मूठ टाकली तरी बी विरळ पडतं. जुने पेले पुन्हा वापरणार असाल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवा. मातीवर बारीक काळी चिलटं उडताना दिसली तर तीही जास्त ओलीचीच खूण.

देठ पांढुरका, लांबलचक आणि पानं चिमुकली असतील तर उजेड कमी पडतोय. अंधारात रोप सगळी ताकद उंच होण्यात घालवतं. खिडकीपासून दोन हात आत ठेवलेला पेला आपल्याला उजेडात वाटतो, रोपाला तो अंधुक लागतो. पेले काचेजवळ सरकवा आणि रोज अर्धा फेरा फिरवा. फिरवायचं काम मुलांना आवडतं, आणि त्यात काही मोडत नाही. असं लांबलेलं रोप सरळ करायला काडी बांधण्यापेक्षा ते देठाच्या निम्म्यापर्यंत मातीत घेऊन लावावं, हे टोमॅटोच्या बाबतीत चालतं.

सूर्यफुलाच्या कोंबाच्या डोक्यावर टरफलाची टोपी अडकते. मुलांना ती ओढून काढायची असते आणि ओढताना मानच तुटते. बी उथळ पेरलं गेलं की असं होतं. जरा खोल असतं तर वर येताना मातीने ती टोपी घासून काढली असती. टोपीवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. थेंब ठेवायला ड्रॉपर द्या म्हणजे हातालाही काम मिळतं.

मधल्या दिवसांतली हस्तकला, आणि ती का बिघडते

बी उगवेपर्यंतचे दिवस रिकामे राहिले की मुलं पेल्यांभोवती घोटाळतात. म्हणून पानं, शेंगा, काटक्यांचं काम या दिवसांत घ्यायचं. तिथेही काही तक्रारी पुन्हा पुन्हा येतात.

दाबलेली पानं काळी पडतात किंवा त्यांवर बुरशी येते. दवाने किंवा पावसाने ओली पानं गोळा केलेली असतात आणि गुळगुळीत कागदाच्या पुस्तकात ठेवलेली असतात. असा कागद ओल शोषत नाही. पानं दव उडाल्यावर वेचा, जुन्या वर्तमानपत्रांच्या थरांत ठेवा, वर वजन ठेवा आणि पहिले तीन दिवस रोज कागद बदला. मांसल, जाड पानं या कामाला घेऊच नका. पातळ पान आठवड्याभरात वाळतं. हिरवा रंग पुढे उन्हात विटतोच, कारण हरितद्रव्य उजेडात मोडत जातं. रंगच जपायचा असेल तर मुळातच पिवळी, तांबडी झालेली पानं जास्त टिकतात.

चिकटवलेलं पान दुसऱ्या दिवशी सुटतं, कारण ते ताजं होतं. ताजं पान वाळताना आकसतं आणि डिंक सोडून उचलतं. चिकटवायचं ते वाळलेलं, ठसे घ्यायचे ते ताज्या पानाचे. कागदाखाली पान ठेवून वरून मेणखडू घासताना शिरांची बाजू वर असायला हवी, आणि पान मेजाला चिकटपट्टीने धरलेलं हवं. नाहीतर ते सरकतं, कागद फाटतो आणि मूल रडकुंडीला येतं.

मातीच्या ओल्या चकतीत दाणे दाबून केलेली नक्षी दोन दिवसांत तडकते. दाणे मातीतलं पाणी पितात, फुगतात आणि भोवतीची माती फोडतात. एकदा आमच्या चकत्यांमधले मूग चक्क रुजले, आणि मुलांनी ते पेल्यांतल्या रोपांपेक्षा जास्त कौतुकाने पाहिले. नक्षीच टिकवायची असेल तर ओल्या मातीत दाण्यांचे फक्त खड्डे उमटवायचे, चकती पूर्ण वाळू द्यायची आणि मग डिंकाने दाणे बसवायचे.

बीज-कागदाची अडचण नेमकी उलटी असते. कागदाच्या लगद्यात बी मिसळलं, थर जाड घेतला, वाळायला तीन दिवस लागले, तोवर बी आतच रुजून मरून गेलं. थर पातळ घ्या, फडक्याने दाबून पाणी काढा, पंख्याखाली एका दिवसात वाळवा. भट्टीत किंवा कडक उन्हात वाळवू नका. बी बारीक हवं. जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका यांच्यामुळे जगभर पोचलेले चिकणमातीचे बीजगोळेही याच चुकीने फसतात. गोळे लाडवाएवढे केले जातात आणि आतलं बी बाहेर येऊच शकत नाही. गोटीएवढा गोळा पुरे, दोन दिवसांत सुकेल असा. आणि त्यात बी त्याच परिसरातल्या झाडांचं घाला. बाहेरचं, आक्रमक जातीचं बी मुलांच्या हातून रानात पसरवणं बरोबर नाही.

वेचून आणलेल्या शेंगा आणि फळांतून चार दिवसांनी अळ्या बाहेर पडतात. बारीक भोक असलेली वस्तू वेचताना बाजूला काढा. बाकीच्या बंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कोरड्या होऊ द्या. पाइनची शंकू-फळं मिटून बसली म्हणून ती टाकू नका. ओलीने त्यांचे खवले मिटतात, वाळली की उघडतात. एक शंकू पाण्यात टाकून तासाभराने पाहणं हाच एक छान खेळ आहे.

बी हातात देण्याआधी

इथे मी कडक आहे. शेतीसाठीच्या पाकिटातलं गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं बी बुरशीनाशक लावलेलं असतं. ते मुलांच्या हातात द्यायचंच नाही. गुंज, एरंड, धोत्रा आणि कण्हेर यांच्या बिया विषारी आहेत. लाल-काळी गुंज इतकी देखणी असते की माळेसाठी ती हमखास निवडली जाते. तिचं विष कडक टरफलाच्या आत असतं आणि ओवायला भोक पाडलं की वाट मोकळी होते. मोठा लाल राजमा कच्चा खाल्ला तर उलट्या होतात, म्हणून तोंडात बी घालणाऱ्या वयाला तो नको. तीन वर्षांखालच्या मुलांना सुटे दाणे देऊच नयेत. त्यांना मातीच काय ते द्या.

नाकात किंवा कानात दाणा गेला तर पाणी घालू नका, कोरून काढू नका. दाणा ओलीने फुगतो आणि घट्ट बसतो. सरळ डॉक्टरांकडे जा. कुंडीच्या मातीची पिशवी उघडल्यावर धूळ उडू देऊ नका. त्यात लेजिओनेला जातीचे, फुप्फुसांना त्रास देणारे जिवाणू असू शकतात. माती आधी ओलसर करून घ्या आणि काम झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवा.

"माझंच का नाही उगवलं?"

हा प्रश्न येणार, आणि तो सगळ्यांत अवघड आहे. एके काळी मी मुलं गेल्यावर रिकाम्या पेल्यात दुसरं रोप लावून ठेवायचे. मग एका मुलीने पेल्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही माझी माती नाही." तिने पेरताना मातीत छोटा पांढरा खडा लपवला होता. त्यानंतर मी ते कधीच केलं नाही. मुलांना कळतं, आणि न कळलं तरी आपण त्यांच्या वाट पाहण्याला खोटं उत्तर दिलेलं असतं.

आता मी त्या मुलाला विचारते, "आपण तुझा पेला उकरायचा का?" हो म्हणालं तरच. वर्तमानपत्रावर माती पसरतो, बी शोधतो, आणि तोवर उकरायच्या पेल्यांमुळे मुलाला काय पाहायचं ते माहीत असतं. "मऊ झालंय, म्हणजे पाणी जास्त प्यालं," असं तेच सांगतं. मग त्याच पेल्यात दुसरी पेरणी, पण या वेळी आदल्या दिवशी भिजवून ओल्या कागदात ठेवलेला, मूळ डोकावणारा मूग. मूळ अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब होऊ देऊ नका. त्याहून लांब मूळ चिमटीत मोडतं. दाणा बोटांनी न धरता चमच्याने द्या, पेन्सिलीने केलेल्या खड्ड्यात सोडा, मूळ खालच्या बाजूला, आणि माती हलकी लोटा. असा मूग दोन-तीन दिवसांत वर येतो.

त्यासाठी माझ्याकडे पेरणीच्या दुसऱ्या दिवसापासून ओल्या कागदाची एक घडी तयारच असते. रोज संध्याकाळी तीत चार दाणे नवे घालायचे आणि लांब मुळं आलेले चार काढून बरणीत लावायचे. सकाळी कुणाचा पेला रिकामा निघाला तर घडी उघडायची, आणि कोणता दाणा घ्यायचा ते त्या मुलाने निवडायचं.